सातचं विमान

अब्बा गेले ते मे महिन्यात, पहाटे, फजरची अजान होऊन गेल्यावर. मी त्यांच्या खाटेशेजारी खाली बसले होते. श्वास दोन दिवसांपासून तुटक येत होता, त्यामुळे एक श्वास लांबला तेव्हा मी पुढच्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. मी आणखी थोडा वेळ थांबले, मग उठून अम्माला हलवलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता डोक्यावर पदर घेतला.

मी लोणंदला दिलेली. तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी माधवनगरला येऊन राहिले होते, कारण सांगलीच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगून टाकलं होतं की आता घरी न्या. अब्बांनी आधी माधवनगरच्या कापड गिरणीत बरीच वर्षं काढली आणि ती बंद पडल्यावर आसपासच्या यंत्रमागांच्या शेडमधून माग दुरुस्त करत फिरले. छातीत काय साठलं होतं ते एक्स-रेमध्ये बघितलं तेव्हा मला कळलं. त्यांना बहुधा आधीपासून ठाऊक असावं.

घरी आम्ही अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलतो. इथं मात्र सगळं मराठीतच लिहिते.

आम्ही दोघं भावंडं. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. सहा वर्षांपासून मस्कतला आहे, गाड्यांच्या एसीची दुरुस्ती करतो. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा अब्बा त्याला सोडायला मुंबईपर्यंत गेले होते. परत आल्यावर गल्लीत सगळ्यांना सांगत होते, "मस्कत काय लांब न्हाई. मुंबईपास्नं अडीच तास. आपलं माधवनगर ते मुंबईच लांब हाय." ते स्वतः कधी विमानात बसले नाहीत, पण अडीच तासांचा त्यांना फार आधार होता. भाऊ रजा संपवून परत जायला लागला की अम्मा डोळे पुसायची आणि अब्बा तिला तेच सांगायचे.

त्या पहाटे मी त्याला फोन केला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला. मी नुसतं "अब्बा" म्हटलं. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. अर्ध्या-पाऊण तासानं त्याचाच फोन आला.

"आपा, मालकानं तिकीट काढून दिलंय. सातचं विमान हाय."

"सातचं?"

"व्हय. निघतोय आता. मला बघायचंय अब्बांना. थांबा मला."

"मी पुढचं कोल्हापूरचं विमान बघते," मी म्हटलं. "तू मुंबईत उतरलास की बाहेर येऊ नकोस. तिथनंच कोल्हापूर."

"बघ. काय ते तूच बघ."

एवढंच बोलणं. तोवर चाचा आले होते. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, पलीकडच्याच गल्लीत राहतात. मशिदीच्या कमिटीत आहेत, गल्लीतली कुठलीही मय्यत त्यांच्याशिवाय उठत नाही. दारात चप्पल काढतानाच त्यांनी रडून घेतलं असावं, कारण आत आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. त्यांनी अब्बांच्या कपाळावर हात ठेवला, हनुवटीला पट्टी बांधली, पाय सरळ केले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तरीण, पोरगा कवा पोचतोय? नीट हिशेब करून सांग. मशिदीत पुकारायचं हाय."

घरातली शिकलेली मी. बिलं, फॉर्म, दवाखान्याचे कागद, सगळं माझ्याकडंच यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन उंबऱ्यावर बसले आणि मोबाईलवर मस्कत ते मुंबई असं टाकलं. एक पान उघडलं. दोन विमानतळांची नावं, मध्ये एक वाकडी रेघ, खाली अंतर, साडेपंधराशे किलोमीटरच्या आसपास. त्याखाली विमानाला लागणारा वेळ, अडीच तासांच्या वर काही मिनिटं. अब्बा बरोबर होते, असं माझ्या मनात आलं. सात आणि अडीच, साडेनऊ. पासपोर्टच्या रांगेला तास. कोल्हापूरचं विमान अकरा वाजून वीस मिनिटांनी होतं. ते सव्वाबाराच्या पुढे उतरणार. तिथून गाडीनं माधवनगरला सव्वा तास.

मी बाहेर येऊन सांगितलं, "दीडपर्यंत घरी येतो."

चाचांनी मान हलवली. "मग जोहरच्या नमाजानंतर. दोन वाजता जनाजा. दोन म्हंजे दोन. ऊन लय हाय, जास्त ठेवता न्हाई यायचं."

सात वाजता मशिदीच्या भोंग्यावरून अब्बांचं नाव पुकारलं. आमच्या दारात उभं राहून ते स्पष्ट ऐकू आलं. आपल्याच बापाचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात, त्यापुढे वेळ आणि जागा. शाळेत आम्ही पालकसभेची सूचना देतो तसंच ते होतं.

कोल्हापूरचं तिकीट मात्र लवकर निघेना. बँकेचा आकडा माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर येत होता आणि तो तेव्हा लोणंदहून गाडीनं निघालेला, वाटेत रेंज येत-जात होती. तीनदा वेळ संपली. चौथ्या खेपेला तो कराडच्या अलीकडे कुठेतरी थांबला आणि आकडा वाचून दाखवला. तिकीट निघालं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ते भावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तो आता आभाळात असणार, उतरला की बघेल, असं धरून चालले. थोड्या वेळानं कुणाला तरी दवाखान्याचा कागद पाठवायला मोबाईल हातात घेतला, तेव्हा त्या तिकिटाखाली दोन निळ्या खुणा दिसल्या. म्हणजे त्यानं बघितलं होतं. विमानात असलेल्या माणसानं ते कसं बघितलं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. बरं झालं बघितलं, एवढं वाटलं आणि मी चहाचं आधण ठेवलं.

त्या सकाळचं मला जे आठवतं ते सगळं असलंच आहे. चहा तीन वेळा केला. शेजारणी येत होत्या, अम्माला मिठी मारत होत्या, मग मला. मी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू त्यांचंच कुणी गेलं होतं. चाचींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "रड गं बाई. आत ठेवू नगंस." मी म्हटलं, "हो, रडते." आणि कप विसळायला गेले. कप विसळताना माझ्या लक्षात आलं की सहा कपांपैकी एकाचा कान मागे कधीतरी तुटला होता आणि अब्बा तोच कप घ्यायचे, तो पाहुण्यांकडे जाऊ नये म्हणून. मी तो धुऊन फळीवर मागच्या बाजूला ठेवला. त्यावरही रडू आलं नाही.

चाचांचा थोरला मुलगा टेम्पो चालवतो. तो नऊ वाजता कुणाची तरी गाडी मागून कोल्हापूरच्या विमानतळाकडे निघाला. दोन तास आधीच पोचलेला बरा, म्हणाला. साडेनऊला मी भावाला फोन लावला. बंद. पावणेदहाला लावला, बंद. रांगेत असेल. दहा वाजता नवरा येऊन पोचला. त्यानं विचारलं, "उतरला का?" मी म्हटलं, "उतरला असणार." साडेदहाला अब्बांना आंघोळ घातली. पडद्याच्या आड पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि मी पडद्याच्या अलीकडे उभी राहून फोन लावत होते. बंद. कफन घालून त्यांना बाहेरच्या खोलीत आणलं. कापूर आणि अत्तराचा वास घरभर झाला.

अकरा वाजून काही मिनिटांनी फोन वाजला.

"आपा, उतरलो."

"आत्ता? अरे, तुझं विमान साडेनऊला पोचायचं होतं. उशीर झाला का?"

"न्हाई. वेळेवरच आलंय."

"मग?"

मागे विमानातली घोषणा चालू होती, पट्टे सुटल्याचे आवाज येत होते.

"आपा, सात तिकडचं. तिकडं सात म्हंजे हिकडं साडेआठ."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. सहा वर्षं मी त्याला रोज संध्याकाळी फोन करत आले होते. इकडे साडेआठ वाजले की तिकडे सात, त्याचं काम सुटलेलं असतं, तेव्हाच लावायचा. सहा वर्षांत एकदाही चुकले नाही. अम्माला घड्याळ दाखवून मीच शिकवलं होतं, दीड तास कमी करायचा. आणि त्या सकाळी मी सातात अडीच मिळवले, उत्तर काढलं, सगळ्या गल्लीला सांगितलं.

"कोल्हापूरचं?" मी विचारलं.

"ते आता दार लावत असतील, आपा."

चाचा दारातून माझ्याकडे बघत होते. मी फोन कानाला तसाच धरून त्यांना सांगितलं, काही न लपवता. माझी चूक झाली, मी त्याची वेळ आपली धरली. त्यांनी मला जराही बोल लावला नाही. ते हिशेबाला लागले.

"दुसरं विमान?"

"आज नाही."

"गाडीनं निघाला तर?"

"आठ तास."

"असरच्या नमाजाला, पाचला, न्हाई पोचत."

"नाही."

"मगरिबला?"

"मगरिबलाही नाही. साडेसात, आठ."

चाचांनी बाहेर बघितलं. अंगणात मंडप घातला होता, खाली पन्नास-साठ माणसं बसली होती. रात्रपाळी करून आलेले कामगार होते, तिथंच डुलक्या घेत. मिरज, नांद्रे, कवठेमहांकाळ, लांबून लोक आले होते. कब्र खोदून झाल्याचा निरोप आला होता. अब्बांच्या अंगावर कफन चढलं होतं. मे महिन्यातलं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि पंखा गरम हवा फिरवत होता.

"सकाळीच कळलं असतं," चाचा म्हणाले, "तर सांगलीतनं बर्फाची पेटी मागवली असती. इशापर्यंत, रातच्या नमाजापर्यंत, ठेवलं असतं." ते मला लावून बोलले नाहीत. ते फक्त काय करता आलं असतं ते बोलत होते. पण ते वाक्य मी ऐकलं आणि ते जसंच्या तसं माझ्याजवळ राहिलं.

त्यांनी माझ्याकडून फोन घेतला. "बाळा," ते म्हणाले, "तूच सांग. एकुलता मुलगा म्हणून तुझा हक हाय. थांबायचं का?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. चाचा ऐकत राहिले, मग "बरं, बरं" म्हणाले आणि फोन मला दिला.

"थांबू नका म्हणतोय. द्या म्हणतोय माती."

मी भावाला म्हटलं, "थांब. मी व्हिडिओ लावते. चेहरा बघून घे. अजून झाकलेला नाही."

"नको, आपा."

"एकदा बघ. नंतर वाटेल."

"मोबाईलमधी नको," तो म्हणाला. "जानेवारीत रजेवर आलो तवा बघितलंय तेवढं बास. मला तसंच राहू दे." मग म्हणाला, "मी टॅक्सी बघतो." आणि फोन बंद झाला.

अम्माला मीच सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तसबीहची माळ हातात होती. तिनं विचारलं, "त्याच्या बिगर नेणार?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तू हाईस न्हवं." मी बायकांतली, मला कब्रस्तानापर्यंत जाता येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं तसं म्हटलं.

दोन वाजता जनाजा उचलला. दोन म्हणजे दोन. आम्ही बायका दारापर्यंत गेलो. पुढच्या उजव्या खांद्याला माझा नवरा होता, जिथं भाऊ असायला हवा होता तिथं. तो उंच आहे, त्यामुळे ती बाजू थोडी वर राहत होती आणि मागून कुणीतरी त्याला खाली घ्यायला सांगत होतं. गल्लीच्या वळणापर्यंत ते दिसत होते. मग फक्त लोकांच्या टोप्या दिसल्या, मग त्याही गेल्या. घरात परतलो तर बाहेरच्या खोलीत फरशी ओली होती. मी फडकं घेऊन पुसली.

तिकडे भावाला मुंबईत टॅक्सी मिळायला तास गेला. पुण्याजवळ दीड तास अडकला. दर थोड्या वेळानं तो फक्त गावाचं नाव पाठवायचा. लोणावळा. कात्रज. शिरवळ. शिरवळच्या पुढच्या, साताऱ्याकडच्या खंडाळ्याला काय झालं ते मला त्यानं नंतर सांगितलं.

माझे सासरे तेव्हा पंचाहत्तरीचे. गुडघे धरलेले, म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांना सकाळी गाडीत घेतलं नव्हतं. दुपारी त्यांना कळलं की पोरगा मुंबईहून एकटा टॅक्सीनं येतोय. त्यांनी सासूबाईंना भाकरी करायला सांगितलं, डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि लोणंदहून एसटीनं खंडाळ्याला गेले. हायवेच्या कडेला एका चहाच्या हॉटेलासमोर खुर्ची घेऊन बसले. भावाचा नंबर त्यांच्याकडे होता. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "खंडाळ्यात थांब. मी हाय हितं." ते दोन तास तिथं बसून होते.

टॅक्सी थांबली तेव्हा त्यांनी आधी भावाला भाकरी खायला लावली, उभ्या उभ्याच. मग दार उघडून मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसले.

"तुमी कुठं?" भावानं विचारलं.

"साताऱ्यापतुर येतो. चल."

गाडी खंबाटकीचा घाट चढून उतरली. भाऊ सांगतो, त्यांनी त्याचा हातसुद्धा धरला नाही, नुसते बसून होते, आणि त्याला तेवढंच पाहिजे होतं. साताऱ्याच्या फाट्यावर ते उतरले. उतरताना म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्या पोराच्या लग्नात जेवणाची पंगत उठेपर्यंत स्वतः पाणी वाढलं हुतं. मुलीचा बाप असून. ध्यानात हाय माझ्या." मग रस्ता ओलांडून लोणंदच्या एसटीला गेले. ते घरी कधी पोचले ते आम्ही कुणी त्या दिवशी विचारलंही नाही.

भाऊ रात्री पावणेदहाला आला. बॅग घेऊन दारात उभा राहिला, आत येऊ की नको अशासारखा. अम्मानं त्याला जवळ घेतलं. तो तिच्यापेक्षा अंगानं बराच मोठा दिसत होता. त्यानं विचारलं, "कुठं ठेवलं हुतं?" मी जागा दाखवली. तो तिथं भिंतीकडे तोंड करून बसला. फरशी एव्हाना वाळली होती. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सकाळी फजरनंतर जाऊ.

सकाळी मीही गेले. कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत. चाचा आणि तो आत गेले. मी कडुलिंबाच्या सावलीत उभी राहिले. चाचा आधी बाहेर आले आणि मशिदीकडे निघून गेले. भाऊ बऱ्याच वेळानं आला. हाताला माती होती, ती तो झाडत नव्हता.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. रात्रभर तेच वाक्य तयार करून ठेवलं होतं. "मी तुझी वेळ विचारलीच नाही. ते पान बघितलं, अडीच तास दिसले आणि—"

"मला ठावं हुतं, आपा."

"काय?"

"तू तिकीट पाठवलंस तवा मी विमानात बसलेलो. पट्टा बांधला हुता. उघडून बघितलं. अकरा वीस. माझ्या तिकिटावर उतरायचं अकरा पाच. तवाच कळलं की हे जमत न्हाई."

मला त्या दोन निळ्या खुणा आठवल्या.

"मग सांगितलं का नाहीस? दार लागायच्या आधी एक फोन करायचास. आम्ही पेटी आणली असती. थांबलो असतो."

"लिहिलं हुतं," तो म्हणाला. "'आपा, पोचत न्हाई, रात्र हुईल.' एवढं लिहिलं हुतं. मग वाटलं, हे पाठवलं की तुमी थांबणार. अब्बांना बर्फात ठिवणार. दिवसभर अम्मा तिथं बसणार, लोक बसणार. अब्बा कुणाला कधी थांबवून ठिवत हुते का? कधी न्हाई. म्हणून पुसलं. मग वाटलं, न्हाई, लिहावं. माझा बाप हाय, का न्हाई थांबायचं? परत लिहिलं. तवर ती बाई आली, फोन बंद करा म्हणाली. मी केला."

"पाठवायचं होतं की नव्हतं?"

"ते मला अजून कळलं न्हाई," तो म्हणाला. "अडीच तास तेच बघत हुतो. खाली समुद्र दिसत हुता. मला वाटत हुतं, आता आंघोळ घालत असतील. आता कफन. तुला काय ठावं न्हाई आणि मला सगळं ठावं हाय, आणि मी बसलोय."

त्याच्यावर राग यायला हवा होता, किंवा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दोन्हीपैकी काही झालं नाही. मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं हात धुतले. आम्ही चालत घरी आलो. वाटेत एका शेडमध्ये माग चालू झाले होते, त्यांच्या आवाजात आम्हाला बोलता आलं नाही, आणि आवाज मागे पडल्यावरही आम्ही बोललो नाही.

हे आम्ही चाचांना सांगितलं नाही, अम्मालाही नाही. त्यांच्या लेखी चूक माझी, आणि ती मोठी नव्हे, घाईतली. तिसऱ्या दिवशी जियारतला लोक जमले तेव्हा कुणीतरी विचारलं, पोरगा कसा काय पोचला नाही. मी पुढे होऊन सांगितलं, माझा वेळेचा हिशेब चुकला. भाऊ पलीकडे ताटं वाढत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या ताटाकडे वळला. मला वाटतं, तेव्हा आमचं काय ते ठरलं. तेव्हापासून तो विषय आम्ही पुन्हा काढलेला नाही.

दहा दिवसांनी तो परत गेला. अम्माची इद्दत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, चालू होती, ती घराबाहेर पडणार नव्हती. मस्कतला चल म्हणून त्यानं दोनदा विचारलं, म्हणजे इद्दत संपल्यावर. ती म्हणाली, "मी काय करू तिथं? तू कामाला जाशील, मी भिंती बघू?" लोणंदला चल म्हणून मी विचारलं. त्यावर ती "बघू" म्हणाली. चाचींनी सांगितलं, रात्री आमची सून येऊन झोपेल हिच्याजवळ. तसं ठरलं. मी आणखी आठ दिवस राहिले, अब्बांचे कपडे धुऊन वाटून टाकले, दवाखान्याचे कागद एका पिशवीत भरून माळ्यावर टाकले. शाळा सुरू व्हायला आली तशी निघाले.

सांगलीहून सकाळची पॅसेंजर होती. गर्दी फार नव्हती. खिडकीपाशी जागा मिळाली. ताकारीला माझ्यासमोर एक बाई येऊन बसली, पन्नाशीची, मांडीवर टोपली. कराडला उतरणारी. थोडा वेळ तिनं मला न्याहाळलं आणि मग बोलायला सुरुवात केली, जशा गाडीत बायका बोलतात.

"माहेराहून चाललाईसा?"

"हो."

"सुट्टीला आला असशीला."

"हो. सुट्टीला."

"बरं केलंसा. आई-बाप हायती तवर यावं बघा." मग तिनं विचारलं, "हायती न्हवं दोगं?"

"आहेत," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून सरळ गेलं, विचार न करता. मी दुरुस्त केलं नाही. तिनं मान डोलावली, टोपलीतून एक काकडी काढली, पदराला पुसली, मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली. उसाची शेतं मागे पडत होती, पाणी दिलेली. कराड आलं, ती उतरली, आणि मी लोणंदपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.